राजासमोर मान किती झुकवायची?

ब्रिटनच्या राजघराण्यात कसं वागतात, काय खातात, कुणी कुणापुढे वाकायचं, याच्या याद्या आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर कायम फिरत असतात. राजाला आपणहून हात लावायचा नाही, त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही, त्याने काटा-सुरी खाली ठेवली की आपलंही जेवण संपलं, लसूण तर स्वयंपाकघरात चालतच नाही, वगैरे. यातलं काही खरं आहे, काही एके काळी खरं होतं आणि बरंचसं ऐकीव आहे. राजघराण्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मात्र या विषयाचा निकाल थोडक्यात लावला आहे. राजाला किंवा त्यांच्या घरातल्या कुणालाही भेटताना पाळायचे बंधनकारक असे कोणतेच नियम नाहीत. पण अनेकांना परंपरेची रीत पाळायला आवडतं, इतकंच तिथे म्हटलं आहे.

ही रीतही फार अवघड नाही. पुरुषांनी फक्त मान लववायची. कमरेतून वाकायचं नाही. बायकांनी एक पाय जरा मागे घेऊन गुडघे किंचित वाकवायचे, याला ‘कर्टसी’ म्हणतात. यातलं काहीच नको असेल तर नेहमीसारखं हस्तांदोलन करावं. राजाशी बोलताना पहिल्यांदा ‘युअर मॅजेस्टी’ म्हणायचं आणि नंतर नुसतं ‘सर’. राणी असेल तर नंतर ‘मॅम’, आणि त्याचा उच्चार ‘जॅम’सारखा. राजपुत्र आणि राजकन्यांना आधी ‘युअर रॉयल हायनेस’, मग तेच ‘सर’ किंवा ‘मॅम’. संपली रीत.

मग एवढी चर्चा का होते? मला वाटतं, लोकांचं लक्ष वाकण्याकडे जातं आणि त्यामागचा इतिहास नजरेआड होतो. या राजघराण्याच्या बहुतेक चमत्कारिक वाटणाऱ्या प्रथा म्हणजे जुन्या भांडणांचे तह आहेत. वरून दिसतो राजाचा मान, आतून पाहिलं तर तो राजाला घातलेला लगाम असतो. आणि हाच मान हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचं रूप पार वेगळं होतं.

स्पर्शाचंच उदाहरण घ्या. एप्रिल २००९ मध्ये जी-२० परिषदेच्या निमित्ताने बकिंगहॅम राजवाड्यात स्वागतसमारंभ होता. बोलता बोलता मिशेल ओबामांनी राणी एलिझाबेथ यांच्या पाठीवर हात ठेवला आणि वर्तमानपत्रांनी रान उठवलं. पण त्या वेळचं चित्रण नीट पाहिलं तर राणींनीही मिशेल यांच्या कमरेभोवती हात टाकलेला दिसतो. मिशेल यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे की, त्या दोघी टाचांच्या बुटांनी पाय कसे दुखतात याबद्दल बोलत होत्या. दिवसभर उभं राहून दमलेल्या दोन बायकांची ती जवळीक होती. राजवाड्यानेही कसली तक्रार केली नाही. त्याआधी १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी राणींना वाट दाखवताना पाठीमागे हात धरला, तेव्हा ब्रिटिश पत्रांनी त्यांना थेट सरडा म्हटलं होतं. कीटिंग यांना ऑस्ट्रेलियात राजेशाही नको होती, प्रजासत्ताक हवं होतं. राग हातावर होता की मतावर, हे वाचकाने ठरवावं.

जेवणाचा नियम मात्र एके काळी अगदी खरा होता. व्हिक्टोरिया राणी झपाझप जेवत असे. वाढायला सुरुवात तिच्यापासून व्हायची आणि तिचं आटोपलं की सगळ्यांच्या ताटल्या उचलल्या जायच्या. टेबलाच्या टोकाला बसलेल्या पाहुण्यांच्या पुढ्यात पदार्थ यायचा आणि घास तोंडात जायच्या आत परत जायचा. एलिझाबेथ राणींच्या काळात जेवणाइतकंच बोलण्याला वळण होतं. फॉर्म्युला वन शर्यतीचा विजेता लुइस हॅमिल्टन एकदा त्यांच्या शेजारी जेवायला बसला आणि उत्साहाने बोलायला लागला. राणींनी त्याला दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवून सांगितलं की, तू आधी तिकडच्यांशी बोल, मी इकडच्यांशी बोलते आणि मग तुझ्याकडे वळते. हा किस्सा त्यानेच दूरचित्रवाणीवर सांगितला. यजमानाने जेवणाच्या पहिल्या भागात एका बाजूच्या पाहुण्याशी आणि नंतर दुसऱ्या बाजूच्या पाहुण्याशी बोलायचं, ही ती पद्धत. कुणीही पाहुणा एकटा पडत नाही, हा तिचा फायदा. आणि लसणाचं कारण सध्याच्या राणी कॅमिला यांनी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका पाककलेच्या कार्यक्रमात सांगून टाकलं होतं. दिवसभर अनोळखी माणसांशी जवळून बोलायचं असतं, म्हणून लसूण टाळायचा. यात राजेशाही काही नाही. कुठल्याही दवाखान्यातला डॉक्टर हेच करेल.

राजाला पासपोर्ट लागतो का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. लागत नाही. ब्रिटिश पासपोर्ट राजाच्याच नावाने दिला जातो. पासपोर्टधारकाला विनाअडथळा जाऊ द्यावं अशी विनंती त्यात राजाच्या नावाने परराष्ट्रांना केलेली असते. स्वतःच्याच नावाची शिफारस स्वतःला कशाला? राजा सोडून घरातल्या बाकी सगळ्यांना मात्र पासपोर्ट काढावा लागतो. राणींचे पती प्रिन्स फिलिप यांच्याकडेही तो होता. एलिझाबेथ राणींकडे वाहन परवानाही नव्हता, पण गाडी त्या पक्की चालवत. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये, त्यांनी सैन्याच्या महिला दलात ट्रक चालवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं शिक्षण घेतलं होतं. पुढे सौदी अरेबियात राजदूत झालेल्या एका ब्रिटिश मुत्सद्द्याने एक हकिगत सांगितली आहे. १९९८ मध्ये सौदीचे युवराज अब्दुल्ला बॅल्मोरलला आले होते. इस्टेट पाहायला निघताना ते लँडरोव्हरमध्ये पुढच्या सीटवर बसले आणि राणी स्वतः स्टिअरिंगवर जाऊन बसल्या. अरुंद डोंगरी रस्त्यांवरून त्या गप्पा मारत भरधाव निघाल्या, तेव्हा युवराजांनी दुभाष्यामार्फत विनंती केली की, कृपया समोर लक्ष द्या. सौदीत बायकांना गाडी चालवण्याची परवानगी मिळाली ती त्यानंतर वीस वर्षांनी, २०१८ मध्ये.

राजाचे दोन वाढदिवस असतात हेही खरं. सातव्या एडवर्डचा जन्म ९ नोव्हेंबरचा. लंडनमध्ये नोव्हेंबरात उघड्यावर संचलन करणं म्हणजे थंडी-पावसात लोकांचे हाल. म्हणून त्याने वाढदिवसाचा सरकारी सोहळा उन्हाळ्यात घ्यायला सुरुवात केली, ती रीत अजून चालू आहे. सध्याचे राजे चार्ल्स यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९४८ चा. पण सैन्याचं ‘ट्रूपिंग द कलर’ हे संचलन जूनमध्येच होतं.

थेम्स नदीवरच्या हंसांची गोष्टही अशीच जुनी. खुल्या पाण्यातले खूण न केलेले हंस राजाच्या मालकीचे मानले जातात, कारण मध्ययुगात हंस मेजवानीत मानाचा पदार्थ होता. ‘व्हिंटनर्स’ आणि ‘डायर्स’ म्हणजे दारूचे व्यापारी आणि रंगारी, यांच्या दोन जुन्या संघांना थेम्सवरच्या काही हंसांवर हक्क आहे. दर जुलैत तिघांच्या होड्या नदीवर निघतात. लाल अंगरख्यातले नावाडी हंसाच्या कुटुंबाला होड्यांनी हळूहळू घेरतात, पिल्लांना अलगद उचलून काठावर नेतात, त्यांचं वजन आणि मापं घेतात, मासेमारीच्या गळाने जखम झाली आहे का पाहतात आणि परत पाण्यात सोडतात. आता हंस कुणी खात नाही. मालकी मोजायला निघालेली स्वारी आज पक्ष्यांच्या आरोग्याची पाहणी करते. जुनी प्रथा मोडून न काढता तिच्याकडून नवं काम करून घेणं, हे इंग्रजांना छान जमतं आणि ते शिकण्यासारखं आहे.

पण खरी मौज आणि खरा अर्थ पाहायचा तर संसदेच्या अधिवेशनाच्या उद्घाटनाला पाहावा. त्या दिवशी राजा वेस्टमिन्स्टरला येऊन मुकुट घालतो. त्याच्या आधी राजाचे शरीररक्षक हातात कंदील घेऊन इमारतीची तळघरं तपासतात, कारण ५ नोव्हेंबर १६०५ ला तिथे बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं आणि त्यांच्याजवळ बसलेला गाय फॉक्स सापडला होता. राजा राजवाड्यातून निघाला की एका खासदाराला राजवाड्यात ‘ओलीस’ म्हणून ठेवून घेतात. राजा सुखरूप परतला की त्याची सुटका. आता त्याची बडदास्त ठेवली जाते, पण एके काळी राजाला संसदेची भीती होती याची ती नोंद आहे.

राजा बसतो वरिष्ठ सभागृहात, लॉर्ड्समध्ये. कनिष्ठ सभागृहातल्या खासदारांना बोलावून आणायला ‘ब्लॅक रॉड’ नावाचा अधिकारी काळी काठी घेऊन निघतो. तो कॉमन्सच्या दाराशी पोहोचतो न पोहोचतो तोच दार धाडकन त्याच्या तोंडावर लावलं जातं. मग तो काठीने तीनदा ठोठावतो. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी त्या लाकडावर खळगा पडला आहे. आतून परवानगी मिळाली की दार उघडतं, आणि खासदार आपापसात गप्पा मारत, कसलीही घाई न करता लॉर्ड्सकडे जातात.

याची मुळं आहेत ४ जानेवारी १६४२ मध्ये. त्या दिवशी राजा पहिला चार्ल्स पाच खासदारांना अटक करायला सशस्त्र शिपाई घेऊन कॉमन्समध्ये घुसला. पाचही जण आधीच निसटले होते. कुठे आहेत ते, असं त्याने सभापती विल्यम लेंथॉलला विचारलं. लेंथॉल गुडघ्यावर बसला आणि त्याच स्थितीत त्याने सांगितलं की, या सभागृहाने आज्ञा दिल्याशिवाय मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. गुडघे टेकलेले आणि उत्तर नकाराचं. ब्रिटिश शिष्टाचाराचं सगळं सार मला या प्रसंगात दिसतं. पुढे यादवी युद्ध पेटलं आणि १६४९ मध्ये त्या राजाचा शिरच्छेद झाला. १६४२ च्या त्या प्रसंगानंतर कोणत्याही राजाने कॉमन्सच्या सभागृहात पाऊल टाकलेलं नाही. लॉर्ड्समध्ये राजा जे भाषण वाचतो, त्यातला शब्दही त्याचा नसतो. सगळं मंत्रिमंडळाने लिहून दिलेलं. आपल्या विधिमंडळात राज्यपाल ‘माझं शासन’ म्हणत अभिभाषण वाचतात, ती रीत इथूनच आली आहे.

प्रथेपुढे लोक झुकतात तशी कधी प्रथाही लोकांपुढे झुकते. ३१ ऑगस्ट १९९७ ला चार्ल्स यांच्या घटस्फोटित पत्नी डायना यांचा पॅरिसमध्ये अपघाती मृत्यू झाला, तेव्हा राणी स्कॉटलंडमध्ये बॅल्मोरलला होत्या. बकिंगहॅम राजवाड्यावर तेव्हा फक्त राजध्वज फडकत असे, तोही राणी आत असल्या तरच. आणि राजध्वज कधीही अर्ध्यावर उतरवत नाहीत, कारण एक राजा गेला की त्याच क्षणी दुसरा राजा झालेला असतो. सिंहासन रिकामं राहत नाही. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं आणि लोकांना दिसत होती मोकळी काठी. सारं लंडन फुलांनी भरलेलं, आणि राजवाड्याला दुःख नाही काय, असा संताप वर्तमानपत्रांतून उसळला. अखेर राणी लंडनला परतल्या, देशाशी थेट बोलल्या आणि अंत्ययात्रेच्या दिवशी, ६ सप्टेंबरला, राजवाड्यावर ब्रिटनचा राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवला गेला. तेव्हापासून राजा घरी नसताना तिथे राष्ट्रध्वज असतो. त्याच दिवशी डायना यांची शवपेटी राजवाड्यासमोरून गेली तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या राणींनी मान झुकवली. जगाने ज्यांच्यापुढे मान झुकवायची, त्यांनी झुकवलेली ती मान कोट्यवधी लोकांनी पाहिली.

डायना यांना सगळं जग ‘प्रिन्सेस डायना’ म्हणतं, पण हा किताब त्यांचा कधीच नव्हता. नावाआधी ‘प्रिन्सेस’ लागतं ते राजघराण्यात जन्मलेल्या मुलीच्या. लग्नाने मिळतो तो नवऱ्याच्या पदाचा मान, म्हणून त्या ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ होत्या. आज तो किताब युवराजांच्या पत्नी केट यांच्याकडे आहे. राजाची बायको राणी होते, राणीचा नवरा मात्र राजा होत नाही, हीही त्यातलीच गोष्ट. वारसाहक्कातला भेदभाव मात्र गेला. २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांसाठी मुलगा-मुलगी हा फरक कायद्याने रद्द झाला आहे. म्हणूनच केट यांची मुलगी शार्लट हिच्या पाठीवर लुई जन्मला तरी तिचा क्रम तिच्याकडेच राहिला. आधीच्या शेकडो वर्षांत तिला धाकट्या भावामागे जावं लागलं असतं. घराण्याचं ‘विंडसर’ हे आडनाव तर जेमतेम शंभर वर्षांपूर्वीचं आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीशी लढत असताना ‘सॅक्स-कोबर्ग-गोथा’ हे जर्मन नाव लाजिरवाणं झालं, तेव्हा १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जने ते बदलून घेतलं.

हाच पाचवा जॉर्ज त्याआधी सहा वर्षं हिंदुस्थानात आला होता. २ डिसेंबर १९११ ला तो राणी मेरीसह मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला. त्याच्या आठवणीसाठी बांधलेलं गेटवे ऑफ इंडिया पूर्ण व्हायला १९२४ साल उजाडलं. दहा दिवसांनी, १२ डिसेंबरला, दिल्लीत दरबार भरला. संस्थानिकांनी पूर्ण राजवेषात, जडजवाहीर आणि पदकं लेवून यावं, बादशहापुढे तीनदा लवावं आणि पाठ न दाखवता उलट पावली मागे यावं, असा हुकूम होता. इथे ‘आवडलं तर पाळा’ हा प्रकारच नव्हता.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड समोर आले ते साध्या पांढऱ्या मराठी पोशाखात. दागिने नाहीत, तलवारीच्या जागी हातात छडी. त्यांनी एकदाच मान लववली, वळले आणि बादशहाकडे पाठ करून चालू लागले. हे सारं कॅमेऱ्याने टिपलं. ते चित्रण लंडनमध्ये दाखवलं गेलं आणि इंग्रजी पत्रांनी हा राजद्रोहच असल्याची ओरड केली. सयाजीरावांना व्हॉइसरॉय हार्डिंगला खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. गोंधळून असं झालं, अपमानाचा हेतू नव्हता, असं त्यांनी कळवलं. ते जाणूनबुजून होतं की नाही, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेला, सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करणारा, दोनच वर्षांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात पाठवणारा हा राजा आणि त्याची निष्ठा सरकारने मोजली ती पाठ वळण्यावरून. साम्राज्याला आपल्या पकडीची किती धास्ती होती, ते यातून कळतं.

त्याच्याही आधी, मार्च १८८८ मध्ये, पुण्यात व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ समारंभ झाला होता. हरी रावजी चिपळूणकर यजमान होते. भरजरी पागोट्यांच्या गर्दीत जोतीराव फुले गेले ते शेतकऱ्याच्या वेषात. त्यांनी ड्यूकला बजावलं की, हे हिरेमाणकं घातलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरा देश खेड्यात आहे, तिथे शिक्षण नाही, हे आपल्या आईला जाऊन सांगा. राजपुत्राशी कसं बोलावं याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. आदर होता, भीती नव्हती आणि बोलणं कामाचं होतं.

किताबांच्या मोहाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. सर जमशेटजी जीजीभॉय १८४२ मध्ये ‘सर’ झाले, तो मान मिळालेले ते पहिले भारतीय. रा. गो. भांडारकरही ‘सर’ होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मात्र देऊ केलेला ‘सर’ किताब नाकारला. आज भारतीय नागरिकाला राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने परक्या देशाचा किताब घेता येत नाही आणि ब्रिटनही परदेशी नागरिकाला सन्मान देतो तो मानद. अशा व्यक्तीने नावाआधी ‘सर’ लावायचं नसतं. म्हणून २०१४ मध्ये जीबीई हा मानद सन्मान मिळालेल्या रतन टाटांना ‘सर’ म्हणणं चूक. ‘सर रतन टाटा’ म्हणजे जमशेदजींचे धाकटे चिरंजीव.

काळ बदलल्याची खूण म्हणून मला मुंबईच्या डबेवाल्यांची गोष्ट महत्त्वाची वाटते. २००३ मध्ये चार्ल्स, तेव्हाचे युवराज, चर्चगेटला त्यांना भेटायला आले. डबे वेळेवर पोहोचले पाहिजेत, म्हणून भेट ठरली ती डबेवाल्यांच्या वेळेने आणि त्यांच्या जागेवर. एप्रिल २००५ मध्ये चार्ल्स आणि कॅमिला यांच्या लग्नाला दोन डबेवाले पाहुणे म्हणून गेले आणि २०२३ च्या राज्याभिषेकाला डबेवाल्यांनी पुणेरी पगडी आणि वारकऱ्यांचं उपरणं भेट म्हणून काढलं. मुजऱ्याचा हुकूम इथे कुणी दिला नाही, कुणी घेतलाही नाही.

मार्च २०२० मध्ये, करोनाच्या सुरुवातीला, लंडनमधल्या एका समारंभात चार्ल्स यांनी सवयीने हस्तांदोलनाला हात पुढे केला, मग तो आवरून सरळ हात जोडून नमस्कार केला. म्हणून लंडनमध्ये कुणा राजघराण्यातल्या माणसाशी गाठ पडलीच तर गोंधळून जाऊ नका. मान लववायची की नाही, याची सक्ती कुणी करणार नाही. हात जोडून नमस्कार करा, आपलं नाव-गाव सांगा आणि जे सांगायचं ते स्पष्ट बोला.